हाफ-ऑर्कची अक्कल कुणी ठरवली?

ताई, नमस्कार.

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मित्र, एकमेकांना गावावरूनच हाक मारतो. कराडकर, मिरजकर, तासगावकर आणि मी विटेकर. परीक्षा संपली की चौघांनी मिळून बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम खेळायचा, असं फार आधीपासून ठरलं होतं. सेल लागल्यावर गेम घेतला, रात्री सगळे कॉलवर आलो आणि कॅरेक्टर बनवायला बसलो. तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

कराडकरनं कोणी कुठली रेस (म्हणजे वंश) आणि कुठला क्लास (म्हणजे पेशा) घ्यायचा, ते आधीच ठरवून आणलं होतं. तो स्वतः हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क) बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या, मिरजकर बुटका हाफलिंग, मी हाय एल्फ विझर्ड, म्हणजे जादूगार. मी म्हणालो, विझर्ड मला चालेल, पण मला हाफ-ऑर्क व्हायचंय. तो हसायलाच लागला. म्हणाला, "ऑर्क आणि विझर्ड? अरे, ऑर्कला अक्कल कुठली? ते रक्तातच नसतं त्यांच्या. हाणामारीलाच जन्माला आलेत ते." मिरजकरही हसला. मी वाद घातला, पण तो स्टॅट्सवरून, म्हणजे कॅरेक्टरच्या गुणांच्या आकड्यांवरून.

तासगावकर तोवर काहीच बोलला नव्हता. "मला सकाळी लवकर उठायचंय," एवढं म्हणून तो कॉलवरून गेला. तेव्हापासून तो मेसला आमच्या वेळेला येत नाही. विचारलं की "काही नाही रे" म्हणतो. बाकी दोघांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत आहे. त्याच्या पणजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची. गुन्हा काही केला नव्हता, त्या समाजात जन्मले एवढंच. त्यानं एकदा बोलता बोलता मला सांगितलं होतं.

कराडकर म्हणतो, खेळ आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. मिरजकर म्हणतो, रेस-बिसची भानगड असलेला गेमच नको, क्रिकेटचा लावू. मला दोन्ही पटत नाही. रेस निवडायची तरी कशावरून? असले गेम खेळण्यात काही गैर आहे का? आणि तासगावकरला परत कसं आणू?

तुमचा,
विटेकर, सांगली

प्रिय विटेकर,

पत्रात तू तासगावकरचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला आहेस, पण पत्र लिहायला बसलास तो त्याच्यासाठीच, हे कळतंय. त्याच्याकडे मी येतेच. त्याआधी कराडकरचं वाक्य गेमच्याच नियमांवर घासून बघू. तो आकड्यांचा माणूस दिसतोय आणि आकड्यांच्या माणसाला आधी आकड्यांतच उत्तर द्यावं.

बाल्डर्स गेट ३ मध्ये अकरा रेस आहेत आणि बारा क्लास. कॅरेक्टर बनवताना सहा गुणांमध्ये वाटायला सत्तावीस पॉइंट मिळतात. प्रत्येक गुण आठपासून सुरू होतो आणि पॉइंट खर्चून पंधरापर्यंत जातो. त्यावर एका गुणाला दोन आणि दुसऱ्या एका गुणाला एक, असा बोनस मिळतो. हा बोनस कुठं टाकायचा ते खेळणारा ठरवतो. त्याचा रेसशी काडीचा संबंध नाही.

आता तुझा हाफ-ऑर्क विझर्ड मांड. इंटेलिजन्स पंधरा अधिक दोन, सतरा. डेक्स्टेरिटी (चपळाई) पंधरा अधिक एक, सोळा. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) चौदा, विस्डम दहा, स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा आठ-आठ. सत्तावीसच्या सत्तावीस पॉइंट संपले. शेजारी कराडकरचा लाडका हाय एल्फ विझर्ड मांड. इंटेलिजन्स सतरा, डेक्स्टेरिटी सोळा, कॉन्स्टिट्यूशन चौदा. एका आकड्याचाही फरक नाही. ज्या गेमचा दाखला देऊन तो "अक्कल रक्तातच नसते" म्हणाला, त्या गेमनं दोघांची अक्कल सारखीच धरली आहे.

मग रेसनं काय मिळतं? हाय एल्फला एक जादा कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारी छोटी जादू), पर्सेप्शनची तयारी, मोहिनीच्या जादूपासून थोडा बचाव आणि काही तलवारी-धनुष्यं, जी विझर्ड क्वचितच हातात धरतो. हाफ-ऑर्कला इंटिमिडेशन (धमकावण्याची हातोटी), जवळून मारलेल्या क्रिटिकलला (नेमक्या बसलेल्या वाराला) जादा डॅमेज आणि एक फार मोलाची गोष्ट: हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) शून्यावर आले तरी तो पडत नाही, एक पॉइंट राखून उभा राहतो. लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की हा आधार पुन्हा मिळतो. अंधारात दोघांना सारखंच दिसतं, बारा मीटर. क्रिटिकलचा बोनस विझर्डच्या फारसा कामाचा नाही, हे खरं. पण पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे हिट पॉइंट असतात जेमतेम आठ. दोन गॉब्लिन अंगावर आले की संपला. तेव्हा तो एक पॉइंट राखून उभं राहणं म्हणजे काय, हे सुरुवातीच्या लढायांत मेलेल्या प्रत्येक विझर्डला विचार.

कराडकरला एवढे आकडेच प्रिय असतील तर त्याला हेही सांग की विझर्डसाठी हाय एल्फ ही सगळ्यात भक्कम रेस नाहीच. माणूस घेतला तर ढाल वापरता येते, म्हणजे आर्मर क्लासमध्ये (अंगावरचे वार चुकवण्याच्या आकड्यात) सरळ दोनची भर. गिथयांकी किंवा शील्ड ड्वार्फ घेतला तर विझर्डच्या अंगावर मध्यम चिलखत चढतं. खरा मिन-मॅक्स करणारा, म्हणजे आकड्यांतून जास्तीत जास्त फायदा काढणारा, तिकडे गेला असता. त्याला "एल्फ म्हणजे हुशार, ऑर्क म्हणजे दांडगा" हे चित्र आधीपासून पटलेलं होतं आणि आकडे त्यानं नंतर शोधले. असं बरेचजण करतात आणि फक्त गेममध्ये नाही करत.

हे चित्र त्यानं कुठून उचललं, तेही सांगते, कारण ते सगळं त्याच्या मनातून आलेलं नाही. या सगळ्या गेमांचं मूळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला, कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ. त्यात ड्वार्फला फक्त लढवय्या होता यायचं आणि तेही सहाव्या लेव्हलपर्यंतच. माणसाला अशी मर्यादा नव्हती. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा या मर्यादा गेल्या, पण त्याच आवृत्तीत हाफ-ऑर्कला स्ट्रेंग्थमध्ये दोन जादा आणि इंटेलिजन्स, करिझ्मामध्ये दोन-दोन कमी असं छापलेलं होतं. म्हणजे "ऑर्कला अक्कल कमी" हे एके काळी खरोखर नियमात होतं. २००८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हाफ-ऑर्कची ती वजाबाकी गेली. २०२० साली बोनस हवा तिथं हलवायची मुभा आली. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये आला तो ही मुभा घेऊनच. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तर हा बोनस जन्मापासून पूर्ण सोडवला आणि तुमची पार्श्वभूमी काय, यावर नेला. साहसाला निघायच्या आधी तुम्ही शेतकरी होता, सैनिक होता, खलाशी होता की लेखनिक होता, त्यावर गुण वाढतात.

साताऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचताना कर्मवीर भाऊराव पाटील आठवणारच. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात सुरू झाली आणि १९२४ साली साताऱ्यात आली. इथल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, कष्ट करून शिकायची. गांधीजींनी १९२७ मध्ये त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं. जी पोरं जन्मानंच बुद्धीला कमी म्हणून गणली गेली होती, त्यांना राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि पुस्तक मिळाल्यावर काय झालं, ते आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली घरं पिढ्यान् पिढ्या बघत आली आहेत. कराडकरच्या घरातही आजोबा किंवा आजी रयतच्या शाळेत शिकलेली निघण्याची शक्यता दांडगी आहे. त्याला विचार.

आता तासगावकर.

तू हजेरीचं लिहिलं आहेस, त्याचा मागचा भाग तुला ठाऊक असेलच, पण वाचणाऱ्या सगळ्यांना असेल असं नाही. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून कागदावर चढवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १९११ च्या कायद्यानं ही तजवीज आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाली. सोलापुरात तर कुंपण घालून सेटलमेंट उभी होती. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला आणि त्या जमातींना विमुक्त म्हणू लागले. कायदा गेला. गावात चोरी झाली की आधी कुणाच्या दाराशी जायचं, ही सवय मात्र लगेच गेली नाही, आणि काही ठिकाणी आजही गेलेली नाही.

ज्या घरानं हे भोगलं, त्या घरातल्या मुलासमोर कुणी हसत हसत म्हणालं की अमुक लोकांच्या रक्तातच अक्कल नसते, ते हाणामारीलाच जन्माला येतात. समोर ऑर्क होता की आणखी कोणी, यानं काय फरक पडतो? वाक्य तेच आहे. त्या कायद्याच्या पाठीमागे उभं होतं ते वाक्य हेच.

म्हणून "खेळ आहे, मनावर काय घ्यायचं" हे कराडकरचं म्हणणं मला मान्य नाही. खेळात ऑर्क असणं हा खेळ आहे. "रक्तातच नसतं" हा खेळ नाही, ती त्याची समजूत आहे आणि ती त्यानं खेळाच्या निमित्तानं बोलून दाखवली. तो दुष्ट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे, आजूबाजूला ऐकलेलं बोलला. पण बोलला, आणि एक मित्र ताट घेऊन वेगळ्या वेळी बसायला लागला. हे त्याला भरून काढावं लागेल.

इथं तुला एक गोष्ट अगदी बजावून सांगते. कराडकरला समजावताना तासगावकरच्या पणजोबांची गोष्ट वापरू नकोस. तुला ती विश्वासानं सांगितली आहे. "अरे, त्याच्या घरी असं असं झालंय, म्हणून त्याला लागलं" असं तू म्हणालास तर कराडकर बिचकेल, माफीही मागेल, पण त्या दिवसापासून तो तासगावकरकडे वेगळ्या नजरेनं बघेल. जी नजर त्या पोराला नको आहे, नेमकी तीच तू त्याच्यावर लावलेली असशील. आणि मुळात तशी गरजच नाही. ते वाक्य चुकीचं आहे ते चुकीचंच आहे, खोलीत कोण बसलं होतं यावर ते अवलंबून नाही. चौघांच्या घरांत कुणाच्याच पणजोबांनी हजेरी दिली नसती, तरी ते चुकीचंच राहिलं असतं. कराडकरशी एवढ्यावरच बोल. "तू जे रक्ताचं बोललास, ते मला आवडलं नाही. गेममध्ये तसं नाहीच, आणि गेमच्या बाहेर असली वाक्यं माणसांबद्दल बोलली गेली आहेत. तासगावकर त्यानंतर उठून गेला. तू त्याच्याशी बोल." बस. वर दिलेले दोन विझर्डचे आकडे हाताशी ठेव, तो आधी तिथूनच वाद घालेल.

त्याहीआधी तू तासगावकरकडे जा. एकट्यानं जा, आणि मेसेज पाठवू नकोस. सांगलीत आहात, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर चालत जा, नाहीतर गाड्यावर भडंग घेऊन उभे राहा. जिथं समोरासमोर बघत बसावं लागत नाही, तिथं असं बोलणं सोपं जातं. त्याला काय वाटलं ते खोदून विचारू नकोस. तू तुझं सांग. पत्रात तूच लिहिलं आहेस की तू वाद घातलास तो स्टॅट्सवरून. म्हणजे वाक्य ऐकलंस, खटकलं, आणि तू बाजूनं गेलास. त्याला ते दिसलं असणार. "त्या रात्री मी स्टॅट्सचं बोलत बसलो, खरं तर त्या वाक्याला तिथंच अडवायला हवं होतं. चुकलं माझं." एवढं म्हण आणि गप्प राहा. तो बोलला तर ऐक. "जाऊ दे रे" म्हणाला तर लगेच "मग उद्या येतोस ना?" असं विचारू नकोस. त्याला परत आणायची तुझी घाई ही तुझी गरज आहे, त्याची नाही.

कराडकर माफी मागायला गेला तर ती कशी असावी? "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे. "मी असं बोललो, ते चूक होतं, पुन्हा नाही बोलणार" ही माफी. आणि ती ग्रुपवर नको. ग्रुपवर मागितली की तिघांसमोर "ठीक आहे" म्हणण्याचं ओझं तासगावकरवरच पडतं.

आणखी एक मोह होईल, तो टाळा. तासगावकर परत आला की त्याच्यापुढं एकदम जपून बोलायला लागू नका. ऑर्कचं नाव काढायचं नाही, गॉब्लिन मारताना गप्प व्हायचं, असलं काही नको. त्याला त्याची रेस त्याच्या मनानं घेऊ द्या. त्याला सरळ साधा माणूस घ्यायचा असेल, तर "अरे, काहीतरी वेगळं घे की" असंही कुणी म्हणू नये.

मिरजकरचं म्हणणं असं की असल्या भानगडीचा गेमच नको. त्याचा हेतू चांगला असेल, पण मला ते पटत नाही. तुम्ही सांगलीत राहता. १८४३ साली याच सांगलीत, पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं. त्या नाटकांतले राक्षस अलल् डुर्र अशी आरोळी ठोकत रंगमंचावर यायचे आणि प्रेक्षक त्यांचीच वाट बघायचे. राक्षसाचं काम करणं ही मोठी मौज आहे आणि ती आपल्या मातीत फार जुनी आहे. सोंग आपण आपल्या मर्जीनं घेतो, उतरवतोही. कराडकरला दांडगा, आरडाओरडा करणारा हाफ-ऑर्क बार्बेरियन खेळायचा असेल तर खुशाल खेळू दे. त्याची ती निवड नियमांत चोख बसते आणि त्याला त्यात मजाही येईल. तुझ्या हाफ-ऑर्कनं काय व्हायचं, हे त्यानं ठरवायचं नाही, एवढंच.

उलट मी तर म्हणेन, काही गेम या बाबतीत आपल्याला जे दाखवतात ते बघण्यासारखं आहे. ड्रॅगन एज: ओरिजिन्स हा २००९ चा गेम मिरजकरला आवर्जून खेळायला दे. जुना आहे, साध्या लॅपटॉपवरही चालेल. त्यात सहा वेगवेगळ्या सुरुवाती आहेत. ड्वार्फांचं शहर ऑर्झामार पूर्ण जातींवर चालतं. त्यातली एक सुरुवात आहे जातीबाहेरच्या ड्वार्फची. जन्मल्यावर त्याच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली असते, म्हणजे समोरच्याला विचारायचीही गरज पडू नये. राहायचं डस्ट टाउनमध्ये. पोट भरायचं ते तिथल्या गुंडासाठी कामं करून, कारण दुसरं काम कुणी देतच नाही. मग एक प्रसंग येतो. मोठ्या आखाड्यात ज्या योद्ध्यावर पैसे लागलेत, तो दारू पिऊन आडवा झालेला असतो. तुम्ही त्याचं चिलखत चढवता, चेहरा झाकता आणि आखाड्यात उतरता. जातीबाहेरच्यानं त्या जमिनीवर पाय ठेवणं हाच गुन्हा. तुम्ही एकामागून एक लढती जिंकता, लोक जयजयकार करतात. मग चेहरा उघडा पडतो, आणि त्याच लोकांच्या नजरेसमोरून तुम्हाला धरून कोठडीत टाकतात. हात तेच, तलवार तीच.

त्याच शहरात दुसरी सुरुवात राजाच्या पोटी जन्मलेल्या ड्वार्फची आहे. एकापाठोपाठ एक दोन्ही खेळल्या की तेच शहर, तोच आखाडा दोनदा भेटतो आणि माणसं दोन वेगळ्या तोंडांनी बोलतात. मला रेस निवडण्याचा खरा उपयोग इथं दिसतो. आकडे पाच टक्के इकडे की तिकडे, हे दहा तासांनंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. लोक आपल्याशी कसे वागले, ते राहतं.

सगळे गेम हे धड करत नाहीत. स्कायरिम घे, २०११ चा. अजून लोक खेळतात आणि त्यातल्या दहा रेसवरून अजून भांडतात. त्यात खाजिट, म्हणजे मांजरासारखी दिसणारी माणसं, व्यापारी तांडे घेऊन फिरतात. चोर म्हणून त्यांच्यावर संशय, म्हणून त्यांना शहराच्या भिंतीआड घेत नाहीत, वेशीबाहेरच तंबू ठोकावे लागतात. विंडहेल्म शहरात डार्क एल्फांना एका कोंदट वस्तीत कोंबलंय आणि आर्गोनियन, म्हणजे सरड्यासारखी माणसं, गोदीवर राबतात, त्यांना शहरात राहायला बंदी. एवढं सगळं लिहिलं. पण तुम्ही स्वतः खाजिट घेऊन त्याच वेशीतून आत चालत गेलात तर खाजिट म्हणून कुणी अडवत नाही. भिंत बांधली आणि खेळणाऱ्यापुरती पाडून ठेवली. मला हा त्या गेमचा मोठा दोष वाटतो. त्या मानानं ऑर्कांच्या बाबतीत त्यांनी थोडं बरं केलंय. तुम्ही ऑर्क असाल तर त्यांच्या गढ्यांचं दार तुम्हाला उघडं असतं, बाकीच्यांना आधी त्यांचं एखादं काम करून विश्वास कमवावा लागतो.

म्हणजे रेस कशावरून निवडायची, या तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हे, की त्या जगात कुणाच्या नजरेनं फिरायला तुला आवडेल, त्यावरून. बाल्डर्स गेट ३ मध्ये तर याला एक व्यावहारिक कारणही आहे. क्लास तुला पुढं कधीही बदलता येतो. विदर्स नावाचा एक हाडांचा सापळा तळावर येऊन राहतो, त्याला शंभर सोन्याची नाणी दिली की विझर्डचा बार्बेरियन, बार्बेरियनचा बार्ड. चेहरा, केस बदलायला जादूचा आरसाही आहे. रेस मात्र शेवटपर्यंत तीच राहते. कराडकर ज्या गोष्टीवर रात्रभर वाद घालतोय ती दोन मिनिटांत बदलणारी आहे, आणि जी बदलत नाही तिच्याकडे तुमच्यापैकी कुणी बघितलंच नाही.

चौघं मिळून खेळताना आणखी एक गोष्ट होते. पार्टी चौघांचीच असते. तुम्ही चारही जागा घेतल्या की लाएझेल, शॅडोहार्ट ही गेममधली साथीदार मंडळी तळावरच बसून राहतात, आणि लाएझेल गिथयांकी असल्यामुळे लोक जे दचकतात, भांडतात, ते प्रवासात तुमच्या वाट्याला फारसं येत नाही. ती कसर तुमच्याच रेस भरून काढू शकतात. म्हणून चौघांनी चार वेगळ्या घ्या. एकजण ड्राऊ (जमिनीखाली राहणारा एल्फ) असेल तर गॉब्लिनांच्या छावणीत त्याच्यापुढं लोक वचकून वागतील, तेच गॉब्लिन इतरांना उर्मटपणे अडवतील. एकजण टीफ्लिंग (सैतानी रक्ताचा, शिंगं असलेला) असेल तर एमराल्ड ग्रोव्हमध्ये आसरा घेतलेल्या आणि तिथूनही हाकलल्या जाणाऱ्या टीफ्लिंग निर्वासितांशी बोलताना त्याला वेगळी वाक्यं मिळतील. मात्र रेसचे हे खास पर्याय जो बोलायला पुढं जातो त्यालाच दिसतात, बाकीचे ऐकतात आणि कुठलं उत्तर द्यावं ते सुचवू शकतात. तेव्हा दर वेळी कराडकरलाच पुढं पाठवू नका. ज्याची रेस तिथं महत्त्वाची, त्यानं पुढं व्हायचं.

मिरजकरला सांग, हाफलिंग चांगला आहे. फाशावर एक पडला की पुन्हा टाकायला मिळतो, आणि तो एक किती वेळा पडतो ते खेळायला लागल्यावर कळेल. फक्त त्याचे पाय आखूड. बहुतेक रेस एका डावात नऊ मीटर जातात, तो साडेसात. पण त्याला ते कुणी लादलेलं नको. त्याचं त्यानं बघून घ्यावं.

तासगावकरला यायचं नसेल, तर तिघांनी वेगळा सेव्ह करून खेळायला लागा आणि चौथ्या जागी शॅडोहार्टला घ्या, जखमा बऱ्या करणारं कुणी लागेलच. चौघांचा डाव त्याच्यासाठी राखून ठेवा, पण त्याला रोज आठवण करून देऊ नका. तो आला तर तुम्ही तिघं कितीही पुढं गेलेले असा, नव्यानं पहिल्यापासून सुरू करा, आणि कॅरेक्टर बनवताना कराडकरनं कुणासाठीही आधी काही ठरवून आणायचं नाही.

तुझा हाफ-ऑर्क विझर्ड तू घेच. सुरुवातीच्या जादूंमध्ये मेज आर्मर नक्की ठेव, अंगावर चिलखत नसताना आर्मर क्लास तेरा अधिक डेक्स्टेरिटीचा बोनस होतो, म्हणजे तुझा सोळा. आणि सुरुवातीच्या एखाद्या लढाईत तो शून्यावर येऊन एका पॉइंटवर उभा राहील, तेव्हा घाबरून लगेच पोशन (जखम भरणारं औषध) पिऊ नकोस, आधी डिसएंगेज वापरून, म्हणजे निघताना वार होऊ न देता, मागं सरक. गॉब्लिनच्या शेजारीच उभा राहून पोशन प्यायलास, तर पुढच्याच वाराला ते वाया जाईल.

तुझी,
ताई, सातारा